पंचवीसपैकी नऊ

मी नांदेडच्या एका तंत्रनिकेतनात धातुशास्त्र शिकवते. प्लाझ्मा नायट्रायडिंग हा माझ्या विषयातला एक लहानसा भाग, एका तासात उरकणारा. अकरा वर्षं मी तो शिकवला आणि त्या अकरा वर्षांत तशी भट्टी एकदाही डोळ्यांनी पाहिली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

फळ्यावर मी एक चौकोन काढायचे. हे बंद पोलादी भांडं. यातली हवा पंपाने ओढून घ्यायची, थोडा नायट्रोजन आणि थोडा हायड्रोजन सोडायचा, आत ठेवलेल्या पोलादी भागाला, कारखान्यात ज्याला जॉब म्हणतात त्याला, विजेचा जोरदार दाब द्यायचा. मग वायू पेटल्यासारखा उजळतो, नायट्रोजन पोलादाच्या वरच्या थरात शिरतो आणि तो थर टणक होतो. आतलं पोलाद होतं तसंच राहतं. चौकोनाभोवती मी जांभळ्या खडूने चार रेघा मारायचे आणि म्हणायचे, "हा ग्लो." मुलं वहीत जांभळ्या पेनाने रेघा मारायची. मीही माझ्या सरांच्या फळ्यावरून त्या तशाच उतरवून घेतल्या होत्या.

त्या उन्हाळी परीक्षेत मला तोंडी परीक्षेसाठी बाहेरची परीक्षक म्हणून लातूरला पाठवलं. एका कॉलेजातली प्रयोगशाळा, खिडकीत घरघरणारा कूलर, टेबलावर माझ्यासाठी बिसलरीची बाटली आणि बिस्किटं. शेजारी त्या कॉलेजचे अंतर्गत परीक्षक. उमेदवार एकेक करून आत यायचे, बाकीचे दारात गर्दी करून ऐकायचे. सकाळपासून तीसेक पोरापोरींची तीच ती पाठ केलेली उत्तरं ऐकून मी कंटाळले होते.

दुपारच्या सुमारास एक मोठे गृहस्थ आत आले. वय चाळिशीच्या पुढचं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हाताच्या बोटांच्या पेरांत काळपट रेघा, कितीही धुतल्या तरी न जाणाऱ्या. अंतर्गत परीक्षक मला हळूच म्हणाले, "पार्टटाइमचे आहेत. एमआयडीसीत ऑपरेटर. डिप्लोमा झाला की मालक सुपरवायझर करणार आहे म्हणे."

"कुठल्या खात्यात?" मी विचारलं.

"प्लाझ्मा नायट्रायडिंग, मॅडम," त्यांनी स्वतःच उत्तर दिलं. "बारा वर्षं झाली."

मला वाटलं, बरं झालं, सोपं आहे. मी व्याख्या विचारली. ते म्हणाले, "आधी जॉब धुवायचा, मॅडम. तेलाचं बोटसुदिक राहू द्यायचं न्हाई. न्हाईतर आत ठिणग्या उडतात."

"मी कृती नाही विचारली. व्याख्या विचारली."

व्याख्या त्यांना सांगता आली नाही. तापमान बरोबर सांगितलं, वायू बरोबर सांगितले, पण वाक्य पुस्तकातलं नव्हतं. मग मी विचारलं, "अडचणी कोणत्या येतात?" इथे मात्र ते मोकळे झाले. खुर्चीत पुढे सरकले, दोन्ही हात टेबलावर आले.

"भोकांची लई तकलीफ, मॅडम. जॉबला बारीक भोक असलं, का दोन जॉब लई जवळ ठेवले, की उजेड त्या फटीत कोंडतो. दोन्हीकडचा उजेड एकमेकात मिसळतो. मग ते भोक लाल होतं, मग पांढरं. बाकीचा जॉब बेस असतो आन् भोकाची कड जळून जाती."

"मग काय करता?"

"दाब वाढवतो."

"कशाचा?"

"आतल्या गॅसचा. थोडा थोडा. दाब वाढला की उजेड बारीक होतो, अंगाला चिकटून बसतो. भोकात गेला तरी दोन्ही कडांचा येगळा येगळा राहतो. मिसळत न्हाई."

मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या नोट्समध्ये भोकांविषयी एक ओळ होती, उपाय नव्हता. पण परीक्षकाच्या खुर्चीत बसून 'मला ठाऊक नाही' असं वाटून घ्यायची सवय मला राहिली नव्हती. मी मनात हिशेब मांडला: दाब वाढला की विद्युतप्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की उष्णता वाढते. म्हणजे भोक आणखी तापणार. म्हणजे हा माणूस चुकतोय.

"दाब वाढवल्यावर तापमान वाढेल की कमी होईल?"

"बाकीच्या जॉबचं वाढतं थोडं. पण भोकाचं कमी होतं. मी बघतो ना, भट्टीच्या खिडकीतून."

"हे कसं शक्य आहे? एकाच भट्टीत एकाचं वाढतं, एकाचं कमी होतं? जरा इस्कटून सांगा."

शब्द तोंडातून गेला आणि मला तो ऐकू आला. इस्कटून. वीस वर्षांत मी तो चारचौघांत उच्चारला नव्हता. विसकटून, उलगडून, मोकळं करून सांगा. माझी आई हेच म्हणायची, आमच्या मुखेडकडे सगळेच म्हणतात. वादाच्या भरात तो आपणहून बाहेर आला होता.

त्या गृहस्थांचा चेहरा एकदम उजळला. परीक्षेला बसलोय हेच ते विसरले. "मॅडम, तुमी मुखेडकडच्या का? आमचं जळकोट! शिवेला शीव!"

अंतर्गत परीक्षक मोठ्याने हसले. "अरे वा, मॅडम! आम्ही तुम्हाला पुण्याच्या समजत होतो." दारातली पोरंही हसली.

कोणाच्याच हसण्यात कुचकेपणा नव्हता. आज ते मला स्वच्छ दिसतं. पण मी पुण्यात शिकायला गेले तेव्हा हॉस्टेलच्या मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "मी जेवायले ना," आणि पुढे वर्षभर त्या मुली मला हाक मारताना म्हणायच्या, "काय गं, जगायलीस का?" मी वर्षभरात जीभ घासून पुसून साफ केली. वडील भेटायला आले की त्यांना हॉस्टेलच्या फाटकाबाहेरच घेऊन जायचे, म्हणजे त्यांचं बोलणं कोणाच्या कानावर पडू नये. त्या मुली कधीच्या पांगल्या, वडीलही गेले, पण लातूरच्या त्या प्रयोगशाळेत माझे कान तसेच तापले.

"मी नांदेडची आहे," मी म्हणाले. "विषयावर बोला. दाब कमी करायचा असतो. वाढवायचा नाही."

त्यांनी मान खाली घातली. "पण मॅडम, म्या बघितलंय…"

"तुम्ही काय बघितलं ते परीक्षेत चालत नाही. शास्त्र काय सांगतं ते चालतं. या."

ते उठले, नमस्कार केला आणि गेले. मी पंचवीसपैकी नऊ गुण लिहिले. पास व्हायला दहा लागत होते. अंतर्गत परीक्षकांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "एकानं अडतंय मॅडम, बघा." मी म्हणाले, "व्याख्यासुद्धा येत नाही हो." त्यांनी सही केली.

व्याख्या आली नव्हती हे खरं होतं. त्या दिवशी व्याख्या न आलेल्या निदान सहा पोरांना मी बारा-बारा गुण दिले होते, हेही खरं होतं.

नांदेडला परतल्यावर मला ते भोक स्वस्थ बसू देईना. तिसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेले आणि जाडजूड पुस्तक काढलं. अर्ध्या तासात सापडलं. सगळं तिथे होतं, आकृतीसकट. दाब कमी तर उजेडाचा थर जाड. दाब जास्त तर थर पातळ. अरुंद फटीत दोन जाड थर एकमेकांत मिसळले की तिथे उष्णता बेसुमार वाढते. उपाय म्हणून काय करावं तर, दाब वाढवावा. त्या माणसाने जे हात हलवून हलवून सांगितलं होतं तेच त्या पानावर इंग्रजीत छापलेलं होतं.

गुणपत्रिका अजून कॉलेजातच होत्या. शनिवारी पाठवायच्या, असं अंतर्गत परीक्षकांनी निघताना सांगितलं होतं. तो बुधवार होता. माझ्याकडे त्यांचा नंबर होता. 'सर, एक गुण वाढवायचा आहे, माझी चूक झाली,' एवढंच बोलायचं होतं. बुधवारी मी ठरवलं, उद्या करू. गुरुवारी वाटलं, ते विचारतील काय चूक झाली, मग सांगावं लागेल. शुक्रवारी मी स्वतःला सांगितलं की लेखी परीक्षेतही तो माणूस राहिलाच असेल. शनिवारी मी दिवसभर घरातली कपाटं आवरली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण त्याच सुमारास मला पीएचडीसाठी विषय हवा होता. मार्गदर्शक म्हणत होते, काहीतरी लहान, नेमकं, कोणी फारसं न केलेलं आणा. मी त्यांना म्हणाले, बारीक भोकांच्या आतल्या भिंती नायट्रायडिंगने सारख्या टणक कशा करता येतील? ते खूश झाले. "कसा सुचला हो विषय?" मी म्हणाले, "शिकवता शिकवता."

दोन वर्षं वाचनात आणि कागदपत्रांत गेली. मग नमुने भट्टीत घालायची वेळ आली. आमच्या भागात तशी भट्टी एकच, लातूरच्या एमआयडीसीत. ती कोणाची, तिथे कोण असेल, याचा अंदाज मला नव्हता असं म्हणणं खोटं होईल. मनात म्हटलं, बारा वर्षं झालेला माणूस एव्हाना सोडूनही गेला असेल.

सकाळच्या एसटीने निघाले. पोलादाच्या वड्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यात कापसात गुंडाळून घेतल्या होत्या, प्रत्येक वडीला वेगवेगळ्या मापाची दोन भोकं. मालक गप्पिष्ट निघाले. चहा मागवला, नांदेडच्या कॉलेजातून कोणी आपल्याकडे आलं याचं त्यांना कौतुक होतं. "आमचा ऑपरेटर जुना आहे, मॅडम. काळजी करू नका," म्हणाले आणि हाक मारली.

तेच होते. दारात आले, मला पाहिलं आणि हात जोडले.

"नमस्कार मॅडम." मग मालकाकडे वळून म्हणाले, "साहेब, ह्याच त्या मॅडम. माझी परीक्षा घेतलेल्या."

"हो का!" मालक हसले. "म्हणजे तुम्हीच याला नापास केलं! बरं केलं, मॅडम. ह्याला लई वाटत होतं, मलाच सगळं येतं."

ते गृहस्थही हसले. मी चहाच्या कपात पाहत राहिले.

भट्टी मी पहिल्यांदा त्या दिवशी पाहिली. पुरुषभर उंचीचं पोलादी पिंप, बाजूला पंप, आणि पिंपाच्या पोटात तळहाताएवढी गोल काच. त्यांनी माझ्या वड्या किती वेळा धुतल्या ते मी मोजलं नाही, पण शेवटी हातमोजे घालून, एकेक वडी उजेडाकडे धरून, भोकांत फुंकर न मारता नुसतं बघून आत ठेवली. मध्ये अंतर किती ठेवायचं ते बोटांनी मापलं. दुपारपर्यंत भट्टी तापत आली. मग ते म्हणाले, "या मॅडम. बघा."

मी काचेला डोळा लावला. जांभळ्या खडूच्या चार रेघा मी किती वेळा मारल्या होत्या! हा उजेड रेघांसारखा नव्हता. वडीच्या अंगावर मऊ साल बसावी तसा तो सगळीकडून सारखा बसला होता, कोपऱ्यांवर वळून, कडांवरून खाली. मला काही क्षण बाकी सगळ्याचा विसर पडला. मग एका वडीच्या भोकात नारिंगी ठिपका दिसला. बघता बघता तो पिवळा झाला.

"भोक तापायलंय," मी म्हणाले.

"हाव. दिसलं मला." ते दाबाच्या खुंटीवर हात ठेवून उभे होते. "मॅडम, कमी करू का?"

मी काचेपासून डोळा काढला. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं? तुमी म्हणाल तसं."

"तुम्ही तर वाढवता म्हणाला होता."

"ते चुकीचं होतं ना, मॅडम." अगदी साधेपणाने म्हणाले. "तुमी सांगितल्यापासून म्या ते सोडलं. पयल्यांदा जमलं न्हाई. एका तेलगिरणीच्या पंपाचे बूश आले होते, बोटभर पोलादी नळ्या, प्रत्येकाला दोन दोन भोकं, जवळजवळ. भोकं लाल झाली. मालक इथंच उभे. म्हणलं, आता आपल्या मनाचं करायचं न्हाई, शास्त्राचं करायचं. दाब कमी केला. आणखी लाल झाली. म्हणलं, कमी पडायलं असंल, आणखी कमी केला. सगळे बूश गेले. कडा वितळल्या. मालकाला म्हणलं, माझ्याच हातानं चुकलं, मॅडमनी सांगितलं तसं मला नीट करता आलं न्हाई."

आतलं भोक पांढरं व्हायला लागलं होतं. माझ्या दोन वर्षांच्या कामाचे नमुने होते ते.

"वाढवा," मी म्हणाले.

"वाढवू?"

"वाढवा. लवकर."

त्यांनी खुंटी फिरवली. हळूहळू, थोडी थोडी. दुसऱ्या हाताने विजेचा जोर किंचित उतरवला, बाकीच्या वड्या जास्त तापू नयेत म्हणून. मी काचेतून पाहत होते. उजेडाची साल पातळ झाली. भोकातला गोळा सुटा झाला, त्याचं एक बारीक कडं झालं, पांढऱ्याचं पिवळं, पिवळ्याचं नारिंगी आणि मग ते भोक बाकीच्या वडीच्याच रंगाचं झालं. बाजूला होऊन मी त्यांना जागा दिली. ते वाकले आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

मग सरळ उभे राहून माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. पण चेहऱ्यावर प्रश्न होता आणि तो इतका उघड होता की आंधळ्यालाही दिसला असता.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "माझ्या नमुन्यांचं पोलाद वेगळं आहे. या पोलादाला दाब वाढवावा लागतो."

"हां," ते म्हणाले. "पोलाद येगळं." आणि खिशातून छोटी वही काढून त्यांनी ते लिहून घेतलं.

परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली होती. शेजारी बसलेल्या बाईंनी दोनदा विचारलं, "बरं वाटायलं न्हाई का, ताई?" मी म्हटलं, गाडी लागते मला. तेही खोटंच.

तीन आठवडे मी काही केलं नाही. नमुने तपासले, भोकांच्या आतल्या भिंती अगदी हव्या तशा टणक झाल्या होत्या. मार्गदर्शकांनी शाबासकी दिली. मला त्या वहीचा विचार सुटत नव्हता. एकदा मी त्यांना चूक शिकवलं. दुसऱ्यांदा, बरोबर काय ते त्यांच्या डोळ्यांसमोर घडत असताना, त्यांनी ते बघूनही ओळखू नये अशी व्यवस्था केली. पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं असं तरी म्हणता येत होतं.

चौथ्या आठवड्यात नमुन्यांची दुसरी खेप घेऊन गेले. मालक बाहेर गेले होते, तासाभरात येणार होते. ते गृहस्थ शेडमागे लिंबाखाली पोत्यावर बसून डबा खात होते. मला पाहून उठायला लागले. मी म्हणाले, "बसा भाऊ," आणि समोरच्या दगडावर बसले.

"भाऊ, मी मुखेडची हाय," मी म्हणाले. "तवा खोटं बोलले."

त्यांनी घास चावून गिळला. "मला मालूम हाय. बोलीवरून कळतंच की. म्या म्हणलं, मोठ्या जागी गेल्यावर माणसाला असं करावं लागत असंल."

"अजून एक हाय."

आणि मग मी सांगितलं. दाब वाढवायचा हेच बरोबर होतं, कुठल्याही पोलादाला. परीक्षेत मला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही म्हणायच्या ऐवजी मी तुम्हाला चूक ठरवलं. आणि मागच्या खेपेला पुन्हा खोटं बोलले. पीएचडीचा विषयसुद्धा तुमच्या बोलण्यातून उचलला, हेही सांगितलं. बोलता बोलता माझी भाषा अर्धी इकडची, अर्धी तिकडची होत होती.

ते डब्याच्या झाकणावर बोट फिरवत ऐकत होते.

"तुमाला कवा कळलं? म्या बराबर होतो हे?"

"त्याच हप्त्यात. परीक्षेनंतर तिसऱ्या दिवशी."

"तवा गुण गेले होते का वर?"

"न्हाई. शनिवारी जाणार होते."

"म्हणजे वाढवता आला असता एक."

"हाव."

त्यांनी डबा बंद केला. अर्धी भाकरी तशीच होती. मला वाटलं ते आता ओरडतील, आणि ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत.

"बूशचं जाऊ द्या मॅडम," ते म्हणाले. "गुणाचंबी जाऊ द्या. पण बूश गेल्यावर मला वाटलं, आपले डोळेच बिघडले. इतकी वर्षं आपण काय बघायलो होतो मग? भोक निवायलं असं दिसायचं, आन् शास्त्र म्हणतं की तापतं. म्या उदगीरला जाऊन डोळे तपासून आलो. डॉक्टर म्हणले, नंबरसुदिक न्हाई, बेस हायत. मला त्यांच्यावरबी भरवसा बसंना. लातूरला दुसऱ्याला दाखवलं. घरी सांगितलं न्हाई कोणाला. काय सांगायचं?"

त्यांनी डबा पिशवीत घातला.

"हे मालकाला सांगाल का तुमी? म्या सांगून उपयोग न्हाई. तुमी सांगा."

"सांगते."

"माझ्यासमोर सांगा."

मालक आले तेव्हा आम्ही दोघं ऑफिसात गेलो. तिथे एक तरुण सुपरवायझर संगणकावर बसला होता, दीड वर्षापूर्वी डिप्लोमा करून लागलेला. त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात मी सगळं पुन्हा सांगितलं. परीक्षा, दाब, गुण, बूश. उभं राहूनच सांगितलं. मालक आधी हसत होते, मग अवघडले.

"अहो मॅडम, चालायचंच. माणूस आहे, चूक होते. बूशचं तर मी कधीच विसरलो. तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता? बसा, चहा घ्या."

"मी न्हाई इसरलो," ते गृहस्थ म्हणाले. तेवढंच. आणि भट्टीकडे निघून गेले.

मालकांनी चहा मागवला. मी तो प्याले, कारण नाही म्हणायची ती वेळ नव्हती.

पुढे मी परीक्षा मंडळाला पत्र लिहिलं. माझ्या चुकीने एका उमेदवाराला कमी गुण पडले, दुरुस्त करता येतील का? दोन महिन्यांनी उत्तर आलं की इतक्या काळानंतर तोंडी परीक्षेच्या गुणांत बदल होत नाही. उमेदवाराने नव्याने अर्ज करावा. ते पत्र घेऊन मी लातूरला गेले. त्यांनी वाचलं, घडी घालून परत दिलं. "आता पोरगीच बारावीला हाय," ते म्हणाले. "एका घरात एकानं परीक्षा द्यावी."

मी म्हणाले, प्रबंधात तुमचं नाव लिहिते, पहिल्या पानावर. त्यांनी नको म्हणून सांगितलं. मी पुन्हा म्हणाले, तेव्हा जरा कडक आवाजात म्हणाले, "मॅडम, जिथं लिहायचं होतं तिथं लिहिलं न्हाई. आता दुसरीकडं लिहून तुमाला बरं वाटंल. मला काय?"

मी लिहिलं नाही. हे त्यांचं ऐकणं होतं की माझी आणखी एक सोय, हे मला आजही सांगता येत नाही.

प्रबंधाच्या माझ्या स्वतःच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या प्राध्यापकांनी विचारलं, हा विषय कसा सुचला? मी तोंडात आलेलं "शिकवता शिकवता" गिळलं आणि म्हणाले, "लातूरच्या एका ऑपरेटरने सांगितलं होतं. मी त्यांना तेव्हा चूक ठरवलं होतं." प्राध्यापक हसून म्हणाले, "छान, प्रामाणिक आहात." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नऊ गुणांचं मी तिथे सांगितलं नाही. शुक्रवार-शनिवारचं तर नाहीच.

आता दर वर्षी मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन त्या भट्टीवर जाते. काचेतून प्रत्येकाला पाहायला लावते. ते गृहस्थ अजून ऑपरेटरच आहेत. भोकं तापली की दाब वाढवतात, मुलांना बाजूला घेऊन दाखवतात. मुलांशी ते पुष्कळ बोलतात, हात हलवून हलवून, त्या दिवशी माझ्यासमोर बोलायला लागले होते तसे. मी जवळ गेले की हात खाली येतात. "या मॅडम," म्हणतात. अदबीने खुर्ची देतात. मी मुखेडच्या बोलीत काही विचारलं तर तेही त्याच बोलीत उत्तर देतात, आणि मी विचारलं असेल तेवढंच सांगतात.